तुटक्या शिंगाची

थर्झा एंडाकॉटला संशय यायला कारण लागत नसे. संशय आधी यायचा. कारणं ती मागाहून गोळा करायची आणि हिवाळ्याच्या सरपणासारखी नीट रचून ठेवायची. त्या वर्षी मात्र उलटं झालं. कारण आपण होऊन समोर उभं राहिलं, तेही भल्या सकाळी आणि चार पायांवर.

तिच्या मेंढ्या दगडांच्या ओळीपलीकडे चरत होत्या.

डार्टमूरच्या माळाला कुंपण नाही. हेदरची खुरटी झुडपं, राठ गवत, दलदल आणि मधूनच डोकं वर काढणारे कातळ, असा तो नजर थकेपर्यंत पसरलेला. तरी ज्याची मेंढी त्याच्याच जागी चरते, कारण ती तिथंच जन्मलेली असते. पाणी कुठं, वारा अडतो कुठं आणि आपलं कुठं संपतं, हे आईच्या मागं फिरून तिला कळलेलं असतं. हे त्या कळपाचं ठाण. ब्लॅकस्लेडच्या एंडाकॉटांचं ठाण उभ्या दगडांच्या ओळीपाशी संपतं आणि तिथून पुढं वेस्टकूमच्या हेडली कॉन्टरचं सुरू होतं. ते दगड कोणी आणि कशासाठी रोवले हे ज्याला माहीत होतं, तो माणूस मरून हजारो वर्षं झाली. सरकारनं माळाचं राष्ट्रीय उद्यान केल्यापासून पार्कवाल्यांनी तिथं एक पाटी ठोकली आहे. तिच्यावर 'बहुधा' हा शब्द इतक्या वेळा आला आहे की पाटी नसती तरी तेवढंच कळलं असतं. मेंढ्यांना मात्र दगड कशासाठी आहेत ते पक्कं ठाऊक होतं. थर्झाच्या सासऱ्याच्या हयातीत त्यांनी ओळ ओलांडली नव्हती आणि नवऱ्याच्या, एलायच्या, हयातीतही नव्हती.

एलाय आदल्या उन्हाळ्यात गेला. मग मोठ्या बर्फाचा हिवाळा आला. एप्रिलात कुकूची पहिली हाक ऐकू आली त्या आठवड्यात थर्झानं कोकरांसकट कळप वर सोडला, आणि पलीकडून जेवणाचं बोलावणं असावं तसा तो ओळ ओलांडून कॉन्टरच्या गवतात शिरला. तिनं मॉस कुत्रीला पाठवून त्यांना परत आणलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पलीकडे. मे सरत आला तरी हेच.

संशयितांची तिच्याकडे कमी नव्हती. प्लिमथहून येणारे सहलीचे लोक तट्टांना सँडविच भरवत आणि कोकरांच्या मागे धावत फोटो काढत. पण ते यायचे रविवारी आणि मेंढ्या जायच्या रोज. हिरव्या गाडीतून हिंडणारा पार्कचा रखवालदार होता. पण तो गाडीतून उतरला तर बूट भिजतील म्हणून उतरतच नसे. कोल्हा म्हणावा तर कोकरू कमी झालेलं नव्हतं. एकेक नाव गळत गेलं आणि शेवटी ओळीपलीकडचं तेवढं उरलं.

"मेंढी आपण होऊन ठाण सोडत नाही," थर्झा चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "तिला कोणीतरी कुत्रा लावून ढकलतं."

"स्वतःच्याच गवतात?" लव्हडेनं विचारलं. लव्हडे ही एलायची मोठी बहीण. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि मत मागितल्याशिवाय देण्याची सवयही सोडली नाही. "हेडली कॉन्टर तुझ्या मेंढ्या हाकलून स्वतःच्या गवतात नेतो? एवढा दानशूर कधी झाला तो?"

"मेंढ्या पलीकडे दिसल्या की माझं ठाण मोडलं असं सभेत म्हणता येतं. माझं ठाण मोडलं की ओळीअलीकडचा माळ रिकामा. रिकामा माळ कोणाच्या डोळ्यांसमोर आहे?"

"तुझं डोकं एलायला असतं तर आपण आज एक्झेटरच्या बाजूला हवेलीत राहत असतो," लव्हडे म्हणाली आणि तिनं पावावर दाट साय थापली.

पण सभेची गोष्ट खरी होती. चराईचा हक्क असलेल्यांच्या सभेचे अध्यक्ष मिस्टर नॉर्थमोर आठवड्यापूर्वी फाटकाशी टोपी काढून उभे राहिले होते, आणि ते टोपी काढत ती फक्त अंत्ययात्रेला नाहीतर वाईट बातमी द्यायला. ठाण सोडलेला कळप माळावर राहू देता येत नाही, ते म्हणाले होते. लोकर कातरण्याआधी सभा आहे, त्यात ठरवावं लागेल. कळप खाली आणायचा म्हणजे ब्लॅकस्लेडच्या तीन दगडाळ कुरणांत कोंबायचा. माळ गेला तर ब्लॅकस्लेड हे शेत उरत नव्हतं, सुंदर देखाव्याचं घर उरत होतं. आणि देखावा खाऊन पार्कवाल्यांखेरीज कोणी जगत नाही.

सभेच्या आधीच्या सोमवारी उजाडताना थर्झा वर गेली. तिच्या ठाणाच्या मधोमध झऱ्याशेजारी जुन्या लोकांच्या झोपडीचं दगडी कडं आहे. छप्पर केव्हाच गेलं, भिंत गुडघ्याएवढी उरली. बसलेलं माणूस तिच्याआड दिसत नाही. पोटुशी मॉस धापा टाकत शेजारी लोळली. धुकं कथलाच्या जुन्या खाणींच्या खड्ड्यांत साचलं होतं, त्याच्यावर कुठंतरी चंडोल गात होता, आणि खाली दलदलीकडे कर्ल्यू पक्षी दार करकरावं तसा लांबलचक ओरडत होता.

कॉन्टर आला. बारीक, वाकडा, खिशात हात. मागे त्याचा टिंकर कुत्रा. थर्झा भिंतीआड आणखी खाली वाकली. आता हा शीळ घालणार, टिंकर सुटणार आणि आपल्याला हवं ते दिसणार.

कॉन्टरनं शीळ घातली नाही. तो थर्झाच्या मेंढ्यांमध्ये जाऊन उभा राहिला आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. मग मान हलवली. मग एका दगडाला टेकून पाइप पेटवला, आणि पाइपच्या पहिल्या धुराबरोबर, मान न वळवता, म्हणाला, "कड्यात दव असतं गं. संधिवात होईल."

थर्झा उठली. उठताना गुडघा वाजला, तो त्यालाही ऐकू गेला असावा.

"मी माझ्या ठाणावर बसलेय, कॉन्टर."

"तू बसलीस. मेंढ्या नाही बसल्या." त्यानं मॉसकडे पाहिलं. "कधी व्यायची ही?"

"व्याली की कळेल गावाला."

"एलाय म्हणाला होता, हिच्या पुढच्या वेतातलं एक मला."

"एलाय पुष्कळांना पुष्कळ म्हणायचा. आता विचारायला यायचा नाही तो."

कॉन्टरनं हे जमा करून घेतलं. "तुझी ती तुटक्या शिंगाची दिसत नाही यंदा," तो म्हणाला.

"विकली. दात गेले होते तिचे. ऑक्टोबरच्या बाजारात सगळ्या म्हाताऱ्या काढल्या. वैरण होती कुठे गेल्या पावसाळी उन्हाळ्यानंतर? आणि मग बर्फ पडलं. मी शहाणीच ठरले."

"हं," कॉन्टर म्हणाला.

ते 'हं' थर्झा खाली घेऊन आली. पावाचं पीठ मळताना तिनं ते उलटं करून पाहिलं, कोंबड्यांना दाणे टाकताना सुलटं करून पाहिलं. माणूस बोलतो तेव्हा निदान खोटं तरी सापडतं. नुसत्या 'हं'ला धरायचं कुठून? आणि तिची विकलेली मेंढी ह्याला कशाला आठवावी?

बुधवारी कॉन्टर गावात लोहाराकडे गेल्याचं तिनं गच्चीएवढ्या उंच बांधावरून पाहिलं आणि अंड्यांची टोपली हातात घेतली. टोपली असली की बाई कुठंही जाऊ शकते. वेस्टकूमच्या दारावर तिनं वाजवल्यासारखं केलं, घरात कोणी नाही हे पाहून फार वाईट वाटल्यासारखं केलं, आणि घरामागे सफरचंदाच्या बागेकडे वळली.

बागेत पाच मेंढ्या होत्या. म्हाताऱ्या, रुंद, खालच्या मुलखातल्या गवतानं सुटलेल्या. पुढची वळली. तिचं डावं शिंग अर्ध्यात तुटलेलं होतं. कानाला दोन खाचा आणि टोक कापलेलं. एंडाकॉटांची खूण, एलायनं स्वतःच्या हातानं कातरलेली.

मेंढीनं थर्झाला ओळखलं आणि बें केलं. माणसांपेक्षा हे एक बरं, त्यांना लपवता येत नाही.

थर्झा घरी आली ती जवळजवळ आनंदात. लव्हडेसमोर टोपली आपटताना दोन अंडी फुटली त्याचंही तिला काही वाटलं नाही. "आमिष," ती म्हणाली. "माझ्याच म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून मागच्या दारानं घेतल्या आणि बागेत कोंडून ठेवल्या. त्या तिथून ओरडतात, माझ्या पोरी वरून ऐकतात आणि त्यांच्या ओढीनं ओळ ओलांडतात. कुत्रा लावायलाच नको. आता कळलं ते 'हं' कसलं होतं."

लव्हडे फुटलेल्या अंड्यांतलं पिवळं बशीत गोळा करत होती. ती काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. थर्झानं ह्याचीही नोंद घेतली.

शनिवारची सभा पबच्या मागच्या खोलीत भरली. माळावरच्या सभांत अर्धा वेळ हवामानात जातो, उरलेला पार्कला शिव्या घालण्यात. हेदर जाळायला आता चिठ्ठी लागते, उद्या शिंकायला लागेल, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी ग्लास वर केले. मग नॉर्थमोरांनी घसा साफ केला. "ब्लॅकस्लेडच्या कळपाचा प्रश्न."

थर्झा उभी राहिली. दुसऱ्याच्या मेंढ्या चाळवल्याचा आरोप माळावर गमतीनंही कोणी करत नाही. तो खरा ठरला तर समोरचा संपतो. खोटा ठरला तर करणारा. त्याच्या मेंढ्या गोळा करायला पुन्हा कोणी घोडा काढत नाही, आणि एकट्यानं माळावरचा कळप गोळा करणारा अजून जन्मलेला नाही. हे सगळं तिला माहीत होतं. पण तिच्याकडे पाच मेंढ्या होत्या, खाचांसकट.

"माझा कळप आपण होऊन गेलेला नाही," ती म्हणाली. "ओढून नेलाय. माझ्या खुणेच्या पाच म्हाताऱ्या वेस्टकूमच्या बागेत आमिष म्हणून बांधल्यात. नाही म्हणू दे त्याला."

"बांधल्या नाहीत," कॉन्टर कोपऱ्यातून म्हणाला. "मोकळ्या आहेत. बाकी बरोबर. माझ्या बागेत पाच आहेत. माझी अंडी देऊन गेली नाहीस पण, बुधवारी."

खोलीत कोणीतरी ग्लासात हसलं.

"कधी घेतल्यास, हेडली?" नॉर्थमोरांनी विचारलं.

"मेच्या जत्रेत. तुम्ही बाजूला उभे होतात, मिस्टर नॉर्थमोर. व्यापाऱ्याला त्या नको झाल्या होत्या, यंदा व्यायल्या नाहीत म्हणून. तुम्ही मला म्हणालात, हेडली, ह्यांच्या तोंडात दात तुझ्याइतकेच उरलेत."

नॉर्थमोरांना आठवलं. त्यांना मान डोलवावी लागली.

थर्झा उभीच होती. मे. जत्रा मेमध्ये. आणि कळप गेला कुकू आला तेव्हा. नॉर्थमोरांना तिनं स्वतःच सांगितलं होतं, कुकूच्या आठवड्यापासून म्हणून. सरपणाच्या राशीतलं तळचं लाकूड सरकलं की वरची सगळी रास आपल्याच पायांवर येते.

"मग एप्रिलात..." ती म्हणाली आणि थांबली.

कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. एवढी माणसं आपापल्या ग्लासात एवढ्या लक्षानं पाहतात, तेव्हा ग्लासात काही नसतं. तिनं एकेक चेहरा पाहिला.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

"तू सगळ्या म्हाताऱ्या एका बाजारात काढल्यास, थर्झा," कॉन्टर म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "एलाय थोड्या विकायचा, थोड्या ठेवायचा. वाट कोणाला तरी ठाऊक असावी लागते. तरण्या पोरी आहेत तुझ्या वर. त्यांनी दगड पाहिले, दगडांपलीकडे हिरवं पाहिलं. नको म्हणायला कोणी नाही."

थर्झा लग्न होऊन ब्लॅकस्लेडला आली तेव्हापासून दूध, लोणी, कोंबड्या तिच्याकडे आणि मेंढ्या एलायकडे होत्या. दात गेलेली मेंढी हिवाळ्यात नुसती खाते, एवढं तिला कळत होतं. ती खाता खाता काय सांभाळते, हे एलाय कधी बोलला नव्हता. त्याला ते बोलण्यासारखं वाटलंच नसेल.

"मग सांगायला तोंडं नव्हती तुम्हाला?"

"कोणी सांगायचं?" कॉन्टर म्हणाला. "मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ह्याला माझ्या मेंढ्यांची एवढी काळजी का. सोमवारी नुसतं शिंगाचं विचारलं तर तू माझ्याकडे कोंबडी चोरल्यासारखं बघितलंस."

"मी सांगितलं होतं," मागून लव्हडे म्हणाली. "ऑक्टोबरात. तू म्हणालीस, भाऊ गेला म्हणून त्याच्या मेंढ्यांवर हक्क सांगतेस का. मग मी गप्प बसले. गप्प बसायला मला आवडतं असं नाही."

खोलीत ह्यावर दुमत नव्हतं.

थर्झा खाली बसली. मग पुन्हा उठली, कारण बसून हे बोलता आलं नसतं. "मी आमिष म्हणाले ते मागे घेते."

"घेतलं," नॉर्थमोर घाईनं म्हणाले. "कातरणीला कळप गोळा करू तेव्हा पाहू. ओळीच्या कुठल्या बाजूला आहे ते."

बाहेर कॉन्टर घोड्याचा पट्टा आवळत होता. ती त्याच्यापाशी गेली.

"त्या पाच. कशाला घेतल्यास?"

"तुला परत द्यायला. पण तुझ्या खुणेच्या मेंढ्या मी माळावर नेऊन सोडल्या असत्या तर तू पोलीस आणला असतास. म्हणून बागेत ठेवल्या, म्हटलं, काहीतरी सुचेल. महिना झाला. तुझ्याशी बोलायला मला काही सुचलं नाही. उद्या घेऊन जा."

"बदल्यात काय?"

"बदल्यात तुझ्या मेंढ्या माझं गवत खाणार नाहीत."

"एवढंच?"

"तू पाहिलंस का त्या किती खातात?"

फुकट आलेल्या वस्तूला थर्झा घरात घेत नसे. तिला पाय असतात आणि ती मागाहून सोबतीला कोणाला तरी बोलावते. "पिल्लू घे," ती म्हणाली. "मॉसचं."

"एलाय बोललाच होता."

"एलायचं मला माहीत नाही. हे मी बोलतेय."

रविवारी सकाळी पाचही म्हाताऱ्या वर निघाल्या. जुन्या पायवाटेवर येताच तुटक्या शिंगाचीनं मान खाली घालून जमीन हुंगली आणि पुढं झाली. मग तिला हाकायला लागलं नाही. कथलाच्या खड्ड्यांना वळसा, दलदलीच्या वरच्या अंगानं आणि थेट झऱ्यावर. पाणी प्यायली, कड्याच्या भिंतीला पाठ घासली आणि वारा अडतो तिथं उभी राहिली. तिकडून कॉन्टर आणि टिंकर कळप घेऊन आले. टिंकर दात न लावता, नुसता पोट जमिनीला टेकून डोळ्यांनी मेंढ्या सरकवत होता. असा कुत्रा बदनाम करायचा म्हणजे अवघडच, थर्झाच्या मनात आलं.

कळप म्हाताऱ्यांमध्ये मिसळला. पण मिसळणं म्हणजे राहणं नव्हे. आजवर रोज परत आणला होता आणि रोज गेला होता. संध्याकाळपर्यंत थर्झा तिथं बसली. एक तरणी मेंढी कोकरू घेऊन ओळीकडे निघाली. दगडांपाशी पोचली. मागून तुटक्या शिंगाची एकदाच, घोगऱ्या आवाजात ओरडली. जागची हलली नाही. तरणी दगडाशी घुटमळली. मग गवत इथलंही वाईट नाही असं दाखवत, चरत चरत मागे आली.

दुसऱ्या सकाळी पूर्वेचा बोचरा वारा होता. थर्झा वर गेली तर सगळा कळप कड्याच्या आडोशाला बसून रवंथ करत होता. ओळीपलीकडे कॉन्टर उभा होता, आकाश पाहत.

"पाऊस येईल वाटतं," तो म्हणाला.

"वाटतं खरं," थर्झा म्हणाली. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. "चहाला ये खाली, हेडली. पिल्लं झाली."

चार होती. तिनं रात्रीच ठरवलं होतं की पांढऱ्या पायाचं द्यायचं. चांगलं होतं, सगळ्यांत चांगलं नव्हतं. पण पिल्लं मोठी झाल्यावर तो न्यायला आला तेव्हा तिच्या हातानं टोपलीतून काळं उचललं, कान ताठ आणि नजर स्थिर असलेलं. हाताला काय झालं ते तिलाही कळलं नाही. कॉन्टरनं ते घेतलं, कोटात घातलं, आभार मानले आणि गेला. तोंड उघडून पाहिलं नाही, पायाची नखं पाहिली नाहीत, दुसरी कोणती आहेत असं विचारलंसुद्धा नाही.

"एवढं चांगलं पिल्लू," थर्झा खिडकीशी उभी राहून म्हणाली, "आणि पाहिलंही नाही. असं कोण घेतं?"

"ज्याचा विश्वास असतो तो," लव्हडे म्हणाली.

थर्झानं उतारावरून जाणारा तो वाकडा कोट ओढ्याच्या पुलापर्यंत पाहिला, पुलाच्या पलीकडेही पाहिला.

"छे," ती म्हणाली. "काहीतरी असणार."